हाउक्वा हे आडनाव नव्हतंच : कँटनचं वू घराणं आणि चिनी आडनावं

गलबत

१८३४ साली कँटनच्या (आजचं ग्वांगझौ) एका चिनी व्यापाऱ्याने आपल्या मालमत्तेचा अंदाज काढला. आकडा निघाला २ कोटी ६० लाख चांदीचे डॉलर. इंग्रज आणि अमेरिकन लोक त्याला हाउक्वा म्हणत. त्याच्या नावाने चहा विकला जायचा. १८४४ मध्ये न्यूयॉर्कला बांधलेल्या एका वेगवान शिडाच्या जहाजालाही हेच नाव दिलं गेलं.

पण हाउक्वा हे त्याचं नावही नव्हे आणि आडनावही नव्हे. यातला 'क्वा' म्हणजे मँडरिनमधला 'ग्वान', अर्थात अंमलदार. कँटनचे बडे व्यापारी सरकारात पैसे भरून हुद्दा मिळवायचे. काम काही करायचं नाही, टोपीवर दर्जाचं बटण मात्र लागायचं. त्यामुळे व्यापारी नावाला ही मानाची शेपटी जोडली जाई. माणसाचं खरं नाव वू बिंगजिआन (१७६९–१८४३), सरकारी कागदांत वू दुनयुआन. वू हे आडनाव. चीनमध्ये ते आधी येतं आणि नाव नंतर.

या घराण्याचे पूर्वज फुजिआनच्या किनाऱ्यावरचे, च्वानझौ भागातले. कांगशी बादशहाच्या काळात (१६६१–१७२२) ते कँटनला आले. बिंगजिआनचा बाप वू ग्वोयिंग हा तिथल्या पान घराण्याच्या पेढीत हिशेबनीस होता. पानही मूळचे फुजिआनचेच. त्यांचा कर्ता पान झेनचेंग तेव्हाचा सगळ्यात मोठा व्यापारी आणि गोऱ्यांच्या तोंडी त्याचं झालं होतं 'पुआनखेक्वा'. १७८३ मध्ये ग्वोयिंगने स्वतःची पेढी काढली, तिचं नाव यीहे. हाउक्वा हे व्यापारी नाव आधी त्या बापाचं होतं. थोरला मुलगा वारल्यावर १८०१ मध्ये पेढी बिंगजिआनकडे आली आणि हे नावही त्याच्याकडे आलं. पुढे त्याच्या मुलालाही परदेशी लोक हाउक्वाच म्हणत राहिले. जुनी पत्रं वाचताना नेमका कुठला हाउक्वा, हे साल बघूनच ठरवावं लागतं.

आता धंदा कसा चालायचा ते बघू, कारण श्रीमंतीचं मूळ तिथे आहे. १७५७ पासून पाश्चात्त्य जहाजांना चीनमध्ये एकच बंदर मोकळं होतं, कँटन. तिथेही शहराच्या तटाबाहेर, मोत्यांच्या नदीकाठच्या वखारींतच राहायचं. हंगाम संपला की मकावला जायचं. बायकांना आणायचं नाही. चिनी भाषा शिकायलाही बंदी, शिकवणारा सापडला तर त्याची धडगत नसे. व्यवहार फक्त परवानाधारक चिनी पेढ्यांशी, म्हणजे हाँगांशी. प्रत्येक जहाजाला एक हाँग व्यापारी जामीन राहायचा. जहाजाचं जकातशुल्क थकलं की जामीन पकडला जाई. खलाशाने दंगा केला, चोरून अफू उतरवली, तरी पहिला जाब जामिनालाच.

नुसत्या चहावर नफा भरपूर होता, पण परदेशी कर्ज आणि अधिकाऱ्यांच्या 'वर्गण्या' यांत अनेक हाँग बुडाले. बुडालेल्यांना थेट इलीला, म्हणजे आजच्या शिनजिआंगच्या पश्चिम टोकाला, हद्दपार केल्याचीही उदाहरणं आहेत. अशा धंद्यात वू घराणं तीन पिढ्या टिकलं. मला श्रीमंतीपेक्षा याचंच आश्चर्य वाटतं.

टिकण्यामागे माझ्या मते दोन गोष्टी. पहिली पत. लंडनला पोचलेला चहा खराब निघाला तर पेढी भरपाई करून द्यायची, त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या खरेदीत यीहेचा वाटा वाढत गेला. दुसरी गोष्ट, त्याने पैसा कँटनमध्ये अडकवून ठेवला नाही. कंपनीच्या जोडीला बोस्टनचे अमेरिकन व्यापारी धरले, त्यांच्या जहाजांतून स्वतःचा माल परदेशी पाठवला. जॉन मरे फोर्ब्स हा कोवळ्या वयात कँटनला आलेला पोरगा, त्याच्यावर हाउक्वाचा मुलासारखा जीव. हाच फोर्ब्स मायदेशी जाऊन रेल्वेवाला झाला आणि हाउक्वाचा पैसाही अमेरिकेत गुंतला.

विल्यम हंटर नावाच्या तिथल्याच अमेरिकन व्यापाऱ्याने एक किस्सा लिहून ठेवलाय. एका अमेरिकनाकडे हाउक्वाचे ७२,००० डॉलर थकले होते. ते फिटेनात, म्हणून बिचाऱ्याला घरी जाता येईना. हाउक्वाने वचनचिठ्ठी काढली, फाडून टाकली आणि सांगितलं, हिशेब मिटला, खुशाल जा. (असे किस्से श्रीमंतांबद्दल जरा जास्तच टिकतात हे खरं. पण हंटर त्याला ओळखत होता.)

मला धागा काढावासा वाटला तो आडनावामुळे. इतका पैसा मिळवलेल्या घराला 'वू' असणं म्हणजे काय वाटत असेल? जाणकारांनी भर घालावी.

---

चहाटळ

वा! चहाचा कप हातात धरूनच वाचलं. ७२,००० वाल्यासारखा सावकार मलाही हवाय. पुढचं येऊ द्या.

---

वेताळटेकडी

छान धागा. चिनी भाषेत आडनावाला 'शिंग' आणि 'शी' असे दोन शब्द आहेत ना? म्हणजे आपलं गोत्र आणि आडनाव. शिंग म्हणजे गोत्र, शी म्हणजे आडनाव. सोपं आहे.

---

गलबत

वेताळटेकडी, तुलना काही अंतर चालते, मग अडते. शिंग हे जुनं कुळ. जी, जिआंग, यिंग, सी, याओ ही अतिप्राचीन शिंगं. त्यांतल्या बहुतेकांच्या चिन्हात 'स्त्री' हे चिन्ह दडलेलं आहे, खुद्द 'शिंग' या चिन्हातही आहे. त्यावरून ही कुळं कधीकाळी आईकडून मोजत असावीत असं बरेच अभ्यासक म्हणतात, बाकीचे मान डोलवत नाहीत. शी म्हणजे त्या कुळातून फुटलेली शाखा. प्राचीन झौ राजवंशाच्या राजांनी नातेवाइकांना आणि सरदारांना मुलूख वाटले, तशा शाखा वाढल्या.

तुलना अडते ती इथे. शी मिरवणं हा वरच्या थरातल्या पुरुषांचा मान होता, सामान्य शेतकऱ्याला शी नसे. सरदारघराण्यातल्या बाईची ओळख मात्र शिंगने व्हायची, कारण लग्न एका शिंगमध्ये होत नसे आणि सोयरीक ठरवताना तेच बघायचं असे. कन्फ्यूशियसचं शी कोंग, शिंग झी. चीनच्या पहिल्या सम्राटाचं शिंग यिंग, शी झाओ. छिन आणि हान काळात जुनी सरदारकी मोडली, दोन्ही एकमेकांत मिसळली, आणि साध्या माणसालाही आडनाव आलं. आज चिनी माणूस 'शिंग' म्हणतो ते हे मिसळलेलं आडनाव.

---

अनाहूत_पाहुणा

मग ही शी कशावरून पडली? राजाच्या मनावर?

---

गलबत

बरीचशी राज्यांवरून. चेन, सोंग, झाओ, झेंग, वेई, लू ही सगळी जुन्या राज्यांची नावं, आज ती आडनावं आहेत. काही हुद्द्यावरून. सिमा म्हणजे घोडदळाकडे बघणारा मंत्री, ते जोडआडनाव झालं आणि पुढे त्याच घराण्याने जिन राजवंश स्थापला. धंद्यावरूनही आहेत : ताओ कुंभाराचं, तू खाटकाचं. राहण्याच्या जागेवरून आली ती मला सगळ्यात आवडतात. दोंगग्वो म्हणजे पूर्वेच्या तटाबाहेरचे, शिमेन म्हणजे पश्चिम दरवाजाचे. वांग म्हणजे 'राजा', राज्य गेलेल्या अनेक राजवंशांच्या पोरांनी ते घेतलं. आज वांग आणि ली ही सगळ्यात मोठी आडनावं, प्रत्येकी दहा कोटींच्या आसपास माणसं.

सोंग काळातली 'शंभर घराण्यांची आडनावं' नावाची पोथी मुलं घोकून पाठ करायची. नावात शंभर असली तरी प्रचलित प्रतीत आडनावं ५०४, त्यांतली ६० जोडआडनावं. सुरुवात झाओने होते, कारण तेव्हा गादीवर झाओ होते. दुसरं छ्यान, कारण पोथी जिथली मानतात त्या वूयुए राज्याचे राजे छ्यान. म्हणजे पोरांच्या पोथीतही हुजरेगिरी आलीच.

---

खडूस काका

गलबतराव, सगळं ठीक. पण प्रत्येक चिनी आडनाव कुठल्या ना कुठल्या राजापर्यंत जातं, हे काय गौडबंगाल? मग खोदकाम, हमाली कोण करत होतं? तुमचे वू तरी कुणाचे वंशज?

---

गलबत

काका, प्रश्न रास्त आहे. आधी वूंची कथा सांगतो, ती जबरदस्त आहे.

इ. स. पूर्व ५९७. छू राज्याचा झ्वांग राजा जिन राज्याच्या फौजेसमोर उभा. मंत्री म्हणतात माघार घेऊ. राजाच्या मर्जीतला वू त्सान नावाचा माणूस म्हणतो, लढू. राजा लढला आणि बीची लढाई जिंकला. वू घराणं स्वतःला याच माणसाचं मानतं.

त्याचा पणतू वू झीशू. झीशूचा बाप छूच्या युवराजाचा गुरू होता. दरबारी कारस्थानात राजाने बापाला आणि थोरल्या भावाला ठार केलं. झीशू पळाला. सरहद्दीच्या खिंडीत अडकला असताना एका रात्रीत त्याचे केस पांढरे झाले असं नाटकांतून सांगतात. तो पोचला वू राज्यात (हा वू वेगळा, चिन्ह वेगळं), तिथल्या राजाला हाताशी धरलं आणि इ. स. पूर्व ५०६ मध्ये छूची राजधानी घेतली. बापाला मारणारा राजा तोवर मेला होता. झीशूने त्याचं थडगं उकरलं आणि प्रेताला ३०० फटके मारले असं प्राचीन इतिहासकार सिमा छ्यान लिहितो. पुढे वूच्या नव्या राजाला तो सांगत राहिला, शेजारच्या युए राज्यापासून जपा. राजाने ऐकलं नाही, उलट त्यालाच तलवार पाठवून मरायला लावलं. मरताना तो म्हणाला, माझे डोळे काढून पूर्व वेशीवर टांगा, युएची फौज आत शिरताना मला बघायचंय. काही वर्षांनी ती शिरली. त्याचं प्रेत कातडी पिशवीत घालून नदीत टाकलं होतं. सुझौकडे ड्रॅगन नौकांचा सण आजही त्याच्या नावाने होतो.

आता कँटनचे चहावाले वू या माणसाचे रक्ताचे वंशज का? तेवीसशे वर्षांची साखळी कागदावर असते ती वंशावळीत, आणि वंशावळ लिहायला पैसे देऊन पंडित बसवता येतो. वंशावळीचा जो साचा पुढे सगळ्यांनी उचलला तो अकराव्या शतकात ओउयांग शिऊ आणि सू शुन या पंडितांनी घालून दिला. मिंग-छिंग राजवटींच्या काळात (चौदाव्या ते विसाव्या शतकात) ज्याच्या हाती पैसा आला त्याने पूर्वजांचं देवघर बांधलं आणि वंशावळ छापली. वरची पानं एखाद्या नामांकित पुरुषापासून सुरू होतात, मध्ये काही शतकं धूसर असतात, आणि जिथून गावाचं नाव, थडग्याची जागा, बायकांची माहेरची आडनावं येऊ लागतात तिथून ती खरी वाटायला लागते. वूंचं होनाम बेटावर, वखारींच्या नदीपलीकडे, वाडा, बाग, देवघर सगळं होतं.

शी, नोंग, गोंग, शांग हा समाजाचा जुना क्रम (हा शी वेगळा, आडनावाचा नव्हे) : आधी पंडित, मग शेतकरी, मग कारागीर, व्यापारी शेवटी. अडीच कोटींचा धनी असला तरी व्यापारी शेवटीच. मग हुद्दा विकत घ्यायचा, वंशावळ लिहवून घ्यायची, पोरांना परीक्षेला बसवायचं. बिंगजिआनच्या मुलाने, वू चोंगयाओने, जुने दुर्मीळ ग्रंथ जमवून पंडितांकडून तपासून घेतले आणि भलीमोठी ग्रंथमाला छापली. ग्रंथांच्या इतिहासात आज तो तिच्यामुळे ओळखला जातो. माझ्या मते 'घराणं वर आलं' ते २ कोटी ६० लाखांत नव्हे, या छापखान्यात.

---

खडूस काका

हं. पटलं निम्मं. पोथ्यांचा पैसा अफूचाच ना पण?

---

माळवी_माणूस

अफूवर मी बोलतो, कारण यात आपले लोक सापडतात. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्याची. माळव्याची मात्र शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची. उज्जैन, इंदूर, मंदसौरचे सावकार शेतकऱ्याला आगाऊ पैसे देत, माल पोर्तुगीजांच्या दमणवरून निघे. १८१८ मध्ये पेशवाई बुडवल्यावर कंपनीने माळव्याची अफू मुठीत घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. अखेर १८३० च्या सुमारास, परवाना शुल्क भरा आणि मुंबईवरून न्या, असं धोरण आलं. मुंबई फुगली ती त्यानंतर.

या धंद्यातलं मोठं नाव जमशेटजी जीजीभाई. १८०५ मध्ये ते चीनला जात असलेलं 'ब्रन्सविक' जहाज फ्रेंचांनी पकडलं. त्याच जहाजावर डॉक्टर होता विल्यम जार्डिन. ती ओळख पुढे जार्डिन मॅथेसन कंपनीच्या भरभराटीला कामी आली. जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा ज्यांना रोज दिसतात त्यांनी हा धागा वाचावा.

पारशी कँटनला इतके होते की चिनी लोक पगडीवरून त्यांना 'पांढरी डोकी' म्हणत. हिरजी जीवनजी १७५६ मध्ये तिथे गेले, त्यांचं घराणं ते रेडीमनी. आडनावांचाच धागा आहे म्हणून सांगितलं.

---

गलबत

माळवी_माणूस, मोलाची भर. काकांच्या प्रश्नाचं उत्तर : हाउक्वाची कमाई मुख्यतः चहा-रेशमाची आणि व्याजाची. पण ज्या चांदीतून गोरे चहाचे पैसे देत ती अफू विकून आलेली असे, त्यामुळे हात कोरडे राहिले म्हणण्यात अर्थ नाही. अफूची जहाजं कळवली नाहीत म्हणून १८२१ मध्ये त्याचं टोपीवरचं बटण काढून घेतलं होतं. १८३९ च्या मार्चमध्ये बादशहाचा खास आयुक्त लिन झेशू आला. अफू द्या म्हणून गोऱ्यांवर दबाव आणायला त्याने सत्तरीच्या हाउक्वाच्या गळ्यात साखळी घालून त्याला वखारींपुढे पाठवलं. शेवटी २०,००० हून जास्त पेट्या ताब्यात आल्या आणि कँटनजवळच्या हूमेनला नष्ट झाल्या. त्यांत माळव्याचा माल भरपूर होता, मुंबईचे व्यापारी हवालदिल झाले.

मग युद्ध. १८४१ मध्ये कँटन वाचवायला इंग्रजांना ६० लाख डॉलर खंडणी दिली, त्यातले ११ लाख एकट्या हाउक्वाचे. १८४२ च्या नानजिंग तहाने हाँगांची मक्तेदारीच मोडली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो वारला.

---

सिंगापूरवासी

इथे सिंगापुरात आडनावांची वेगळीच गंमत. एखाद्याचं आडनाव रोमन लिपीत दोनच अक्षरांचं असतं, त्यात स्वर नाही. 'ङ्' सारखं काहीतरी. कँटनी कुटुंब असेल तर ते तुमच्या हाउक्वाचे वू, म्हणजे चिन्हात पाच असलेले 'पाचवाले वू', असू शकतात किंवा वू राज्याचे वू, कारण कँटनीत दोघांचा उच्चार एकच, फक्त सूर वेगळा. हॉक्किएन किंवा तेओच्यू (या दक्षिण चीनमधल्या दुसऱ्या बोली) बोलणारं कुटुंब असेल तर तेच स्पेलिंग चक्क हुआंग या आडनावाचं असतं! वू राज्यवाले हॉक्किएन मात्र स्वतःला गोह लिहितात. चेनचं तान, लिनचं लिम. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आणि तेच पासपोर्टवर आलं. ओळख करून घेताना माणसं सरळ विचारतात, कुठलं चिन्ह?

---

गलबत

'पाचवाले वू' हे तुम्ही बरोबर पकडलंत. या वूच्या चिन्हात 'माणूस' आणि 'पाच' आहेत, मूळ अर्थ पाच सैनिकांची तुकडी. शिवाय चिनी बँकेच्या कागदांवर रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून पाचाचा आकडा याच चिन्हाने लिहितात. हिशेबनिसाच्या पोराला शोभेल असं आडनाव.

---

चहाटळ

स्वर नसलेलं आडनाव! आमच्याकडे हजेरी घेताना मास्तरांचं काय झालं असतं.

---

उत्तरेचा_वारा

सगळे कँटनवरच अडकलेत, म्हणून शान्शी प्रांताची बाजू मांडतो. छी तालुक्यातले छ्याओ. मूळपुरुष छ्याओ ग्वेफा, पोरका आणि कफल्लक. अठराव्या शतकात तो महाभिंतीपलीकडे मंगोलियाच्या वाटेला लागला, जनावरांचा चारा आणि टोफू विकून दुकान उभं केलं. तिथल्या बाओतोउ शहराबद्दल म्हण आहे : आधी फूशेंगगोंग, मग बाओतोउ. फूशेंगगोंग ही छ्याओंची पेढी. नातू छ्याओ झीयोंग (१८१८–१९०७) याने हुंडीच्या पेढ्या चालवल्या. १९०० मध्ये राजमाता त्सशी बीजिंगहून पळाली तेव्हा वाटेत छ्याओंच्याच पेढीत मुक्कामाला होती. ३१३ खोल्यांचा त्यांचा वाडा आज संग्रहालय आहे.

या पेढ्यांत मालकाचा भांडवली हिस्सा असे, तसाच मुनिमाचा आणि जुन्या गुमास्त्याचा अंगमेहनतीचा हिस्सा. नफ्यात दोघांना वाटा. आणि घरात दुसरी बायको, जुगार, अफू बंद. कँटनवाल्यांना जहाजांनी मोठं केलं, यांना उंटांनी.

छ्याओ आडनावाचीही कथा आहे. मूळ चिन्ह 'पूल'. सहाव्या शतकात एका सेनापतीला तेव्हाचा सत्ताधारी यूवेन ताई याने सांगितलं, यातला 'लाकूड' हा भाग काढून टाक, उरेल त्याचा अर्थ 'उंच'. तेव्हापासून छ्याओ. खरंखोटं वंशावळ जाणे.

---

वेताळटेकडी

राजाच्या सांगण्यावरून आडनाव बदलणं बरंच चालायचं म्हणजे?

---

गलबत

चालायचं म्हणजे काय! ४९६ मध्ये उत्तर वेईच्या शिआओवेन बादशहाने आपल्या शिआनबेई जमातीची लांबलचक आडनावं मोडून एकाक्षरी चिनी केली. स्वतःचं तुओबा होतं, ते युआन केलं. तांग बादशहांनी मर्जीतल्या सेनापतींना स्वतःचं ली आडनाव बक्षीस दिलं, त्यामुळे आजच्या दहा कोटी लींमध्ये तुर्की रक्ताचेही निघतील. छिंग राजवट १९१२ मध्ये संपल्यावर मांचू लोकांनी उलट स्वतःहून चिनी आडनावं घेतली. राजघराण्याचे आइसिन ग्योरो बरेचसे जिन झाले, कारण आइसिन म्हणजे सोनं आणि जिन म्हणजेही सोनं.

---

अनाहूत_पाहुणा

आणि एकाच आडनावात लग्न? दहा कोटी ली, मग ली-ली चालणार नाही म्हटलं तर पंचाईत.

---

गलबत

छिंग कायद्यात एका आडनावात लग्न हा गुन्हा होता, पण दूरच्या गावच्या ली-लीकडे बहुधा डोळेझाक व्हायची. १९३० च्या दिवाणी कायद्यात बंदी उरली नाही, फक्त जवळचं नातं नको. आता शहरात कुणी बघत नाही, एकाच देवघराच्या खेड्यात म्हातारी माणसं अजून नाक मुरडतात. बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, हे सांगायचं राहिलंच होतं.

---

माळवी_माणूस

यीहे पेढीचं पुढे काय झालं?

---

गलबत

मुलगा चोंगयाओ १८६३ मध्ये वारला, त्याआधी १८५६ मध्ये वखारी जळून गेल्या होत्या. पेढीच्या नावाचं मात्र तुमच्या जहाजावरच्या डॉक्टरने भलं केलं. जार्डिन मॅथेसनने आपलं चिनी नाव म्हणून हाउक्वाच्या पेढीचंच नाव उचललं, त्याची पत सगळ्यांना ठाऊक होती. हाँगकाँगमध्ये त्या कंपनीला चिनी लोक आजही यीहेच म्हणतात. वूंना त्याचा छदाम मिळत नाही.